काटा दहावर होता

पाण्याचा पेला हातात आला की काका आधी तो उजेडाला धरत. लग्नाची पंगत असो, दवाखाना असो, की कुणाच्या मयतीला गेलेले असोत. एक डोळा बारीक करायचा, पेला खिडकीकडे न्यायचा, हळूच अर्धा फिरवायचा आणि मगच तोंडाला लावायचा. पाणी देणाऱ्याला राग येई. एकदा त्यांच्या साडूनं सगळ्यांदेखत विचारलं, "आमी काय जहर देऊन राह्यलो काय तुमाले?"

"जहर साफ राह्यते," काका म्हणाले. "मी गढूळ पाहून राह्यलो."

त्यानंतर त्या घरी त्यांना कुणी पाणी विचारलं नाही.

मंगरूळपीरला मी त्यांच्या पुढच्या खोलीत अडीच वर्षं भाड्यानं राहिले. तिथल्या एका कॉलेजात मी तासिका तत्त्वावर केमिस्ट्री शिकवत होते. खोली बघायला गेले तेव्हा काकांनी माझं गाव विचारलं नाही, लग्नाचं विचारलं नाही. "रसायन शिकवता म्हनजे आयोडीन असन तुमच्यापाशी?" एवढंच विचारलं. मी हो म्हटलं आणि खोली मिळाली.

घराच्या मागं पत्र्याची एक खोली होती, तिला कायम कुलूप. तिकडून भिजलेल्या धान्याचा, थोडा आंबलेल्या पिठासारखा वास येई. मला वाटलं, गुरांची पेंड ठेवत असतील. पण घरात गुरं नव्हती. महिन्याभरानं आयोडीनची बाटली आणून दिली, तेव्हा काकांनी कुलूप काढलं. आत एक जुना फ्रीज होता, पाण्याचे दोन मोठे जार होते, ओल्या पोत्यावर मोड आलेले सातू पसरलेले होते आणि भिंतीशी धुतलेल्या बाटल्या उलट्या लावून ठेवल्या होत्या. काका घरी बियर करत.

परवान्याशिवाय असं काही करणं गुन्हा आहे, हे मला माहीत होतं आणि त्यांनाही. मी तसं म्हणाले. "पेनाऱ्याले गुन्हा," ते म्हणाले. "मी पेत नाही, मी पाहतो." आणि ते खरं होतं. जिभेच्या टोकावर थेंब घ्यायचे, थुंकून टाकायचे आणि चूळ भरायचे. त्या घरात बियरचा एक घोट कुणी गिळल्याचं मी पाहिलं नाही. तयार झालेली सगळी बियर परसातल्या सीताफळाच्या बुडाशी ओतली जाई, कारण ती गढूळ निघे.

काकांची साफची व्याख्या पक्की होती. पेल्यामागं पेपर धरायचा. बाकीच्या बातम्या मोठ्या अक्षरात असतात म्हणून निधनाच्या जाहिरातींचं पान घ्यायचं. गेलेल्या माणसाचं वय आणि सुनांची नावं पेल्याच्या आरपार वाचता आली तर बियर साफ. मी राहायला गेले तेव्हा चार वर्षं ते वाचायचा प्रयत्न करत होते.

त्या चार वर्षांत त्यांनी काय नाही केलं! नदीचं पाणी निवळायला बाया माठाला आतून निवळीचं बी घासत, तसं जाराला घासून पाहिलं. तुरटी फिरवली. शेवग्याच्या बियांची पूड टाकली. जिलेटीन आणलं, ते गरम पाण्यात विरघळवून घातलं. माझ्या आयोडीनचा थेंब बशीत टाकून, निळा होतो का पाहून, धान्यातलं पीठ उरलं नाही ना याची खात्री केली. बियर आठ दिवस फ्रीजमध्ये ठेवायची, तळाशी गाळ बसला की वरची अलगद काढायची, गार असताना ती कागदातून फार हळू उतरे म्हणून कोमट होऊ द्यायची, आणि मग गाळायची. गाळलेली बियर कधी कधी सोन्यासारखी दिसे. काकांचा चेहरा उजळे. मग ती बाटली फ्रीजमध्ये जाई, आणि दुसऱ्या दिवशी तिच्यात पातळ धुकं उतरलेलं असे.

काकू त्या खोलीत पाऊल ठेवत नसत. बुटक्या, शांत बाई. रोज संध्याकाळी पांढरं पातळ नेसून त्या बाबासाहेबांच्या आणि बुद्धाच्या फोटोपुढं पंचशील म्हणत. पाचव्या शिलाशी आल्या की, म्हणजे मद्यापासून दूर राहण्याच्या, त्यांचा आवाज जरा मोठा होई आणि तोंड मागच्या दाराकडं वळे. काका तेव्हा बाटल्या धूत असत.

"विहारातल्या बाया मले काय म्हनत असतीन," त्या एकदा माझ्याशी बोलल्या. "कोनी बोलत नाही. पन वास तं जाते नं बाई चार घरं."

"तुम्ही काकांना सांगत नाही?"

"सांगून थकली. त्याईच्या डोक्यात थो कादर बसला हाय. थो निंगनार नाही."

कादरभाईंची गोष्ट तोवर मी पाच-सहा वेळा ऐकली होती. गॅस सिलिंडरवाल्यानं ऐकली होती. मला भेटायला अमरावतीहून आलेल्या माझ्या आईनं चहा संपायच्या आत ऐकली होती.

काकांनी मराठवाड्यातल्या एका बियरच्या कारखान्यात सत्तावीस वर्षं काढली. हमाल म्हणून लागले आणि फिल्टरच्या मशीनवर चढले. वडील दुसऱ्यांच्या शेतात राबलेले. घराण्यात पाळी, गणवेश आणि छातीवर नावाची पट्टी असलेला हा पहिला माणूस. फिल्टरवाल्याचं काम बियर चकचकीत करून पुढं पाठवायचं. पुढं बाटल्या धुण्याचा विभाग होता आणि तिथला मुख्य होता शेलूबाजारचा कादरभाई. दोघं एकाच तालुक्याचे, एकाच खोलीत राहिलेले, एका डब्यात जेवलेले. कादरभाईही दारूला शिवत नसे. त्याच्या घरचे त्या नोकरीवर नाराज होते आणि तो म्हणे, मी बाटल्या धुतो, त्यात कसला गुन्हा.

मग एका उन्हाळ्यात एक मोठा माल बाजारातून परत आला. दुकानांच्या फ्रीजमध्ये बियर गढूळ झाली होती. चौकशी बसली. फिल्टरमधून निघालेला नमुना साफ होता, असं काकांनी सांगितलं, आणि नमुन्याची बाटली जपून ठेवलेलीच होती. ती टेबलावर सगळ्यांनी पाहिली, साफच होती. म्हणजे दोष पुढचा. बाटल्यांत धुण्याचा साबण राहिला असणार, असं ठरलं. कादरभाईला काढून टाकलं.

"बाटली धुनाऱ्यानं साबन ठेवला अन् बट्टा आमच्या फिल्टरले लागला," ही गोष्ट काका या वाक्यावर संपवत.

हे सगळं होऊन पुष्कळ वर्षं लोटली होती. तरी निवृत्त होऊन घरी आल्यावर काकांनी पत्र्याची खोली बांधली. त्यांना एकदा, फक्त एकदा, साफ बियर करून स्वतः सात वेळा धुतलेल्या बाटलीत भरायची होती आणि ती फ्रीजमध्येही साफ राहते हे पाहायचं होतं. तशी राहिली की कादरनं साबण ठेवल्याचं पक्कं होणार होतं. कुणापुढं पक्कं करायचं होतं, ते मी कधी विचारलं नाही. कारखान्यातलं कुणी त्यांना भेटायला येत नव्हतं.

पण बाटली सात वेळा धुतली तरी धुकं उतरत होतं.

"मॅडम, हे येते-जाते," एका सकाळी काका मला म्हणाले. हातात बाटली होती. "फ्रिजातून काहाडली तं गढूळ. उन्हात ठेवली, साफ झाली. पुन्हा ठेवली, पुन्हा गढूळ. गाळ असता तं असा जाता काय?"

मलाही नवल वाटलं. कॉलेजच्या ग्रंथालयात काही सापडलं नाही. दिवाळीला अमरावतीला गेले तेव्हा माझ्या जुन्या सरांकडून आंबवण्याच्या क्रियेवरचं एक पुस्तक आणलं. त्यात ते सरळ दिलेलं होतं. परत आल्यावर मी बॅगही न सोडता काकांना बोलावलं. मला वाटत होतं मी त्यांना काहीतरी देते आहे.

मी सांगितलं की धान्यातली प्रथिनं आणि सालातला तुरटपणा गारव्यात एकमेकांना चिकटतात आणि त्यांचे बारीक कण होतात. तो गढूळपणा. बियर कोमट झाली की ते कण पुन्हा विरघळतात, म्हणून ती साफ दिसते.

"म्हणून तर कारखान्यात बर्फासारखी गार असतानाच गाळतात ना, काका?" मी म्हणाले. "तेव्हा कण बाहेर आलेले असतात, गाळणीत अडकतात. कोमट गाळली तर ते विरघळलेलेच राहतात आणि पार निघून जातात."

"पार जातात," काका म्हणाले.

"हो."

"मंग नमुना?"

"नमुना साफच दिसणार. नंतर कुठंतरी गार झाली की गढूळ होणार."

काका पालथ्या बादलीवर बसले.  मग म्हणाले, "नमुन्याची बाटली टेबलावर होती. उन्हाळा होता." आणि उठून मागं गेले. मला तेव्हा काही कळलं नाही. मी बॅग सोडायला घेतली.

पुढचे दहा दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. मागच्या खोलीत जात, कुलूप लावून घेत. अकराव्या दिवशी दुपारी त्यांनी मला आणि काकूंनाही हाक मारली. काकू उंबऱ्याबाहेर उभ्या राहिल्या. काकांनी फ्रीज उघडून दोन बाटल्या काढल्या. एकीच्या गळ्याला लाल दोरा होता, दुसरीला पांढरा. एकाच जारातली बियर होती. पांढऱ्या दोऱ्याची गार असताना गाळलेली, लाल दोऱ्याची कोमट करून गाळलेली. त्यांनी दोन पेल्यांत ओतली आणि मागं पेपर धरला.

पांढऱ्या दोऱ्याच्या पेल्यातून मला जाहिरातीतली सुनांची नावं वाचता आली. लाल दोऱ्याच्या पेल्यातून नुसता काळसर चौकोन दिसत होता.

"झाली की साफ," मी म्हणाले. खरंच आनंद झाला होता मला.

"काटा दहावर होता," काका म्हणाले.

मग त्यांनी उभ्या उभ्याच सांगितलं. तो परत आलेला माल गाळला त्या दिवशी दुपारच्या पाळीला गार करायचं मशीन बंद पडलं होतं. फिल्टरचा नियम होता, तापमानाचा काटा दोन अंशांच्या वर गेला तर गाळायचं नाही. काटा दहावर होता. पुढं बाटल्यांची लाइन खोळंबली होती आणि साहेब ओरडत होता. काकांनी व्हॉल्व उघडला. नमुना काढून उजेडाला धरला, हिऱ्यासारखा साफ. मग त्यांनी रजिस्टरमध्ये काटा दोनवर लिहिला आणि सही केली.

"साफ दिसली म्हनून लिवलं," ते म्हणाले. "नुकसान कोनाचं झालं असं वाटलंच नाही. चौकशीत इचारलं, काटा कितीवर होता? रजिस्टरात होतं थेच सांगतलं. एकदा लिवलं तं मंग थेच सांगा लागते नं."

"आणि साबण?" मी विचारलं.

"साबन मीच म्हनलो. साह्यबानं इचारलं, मंग काय असन? मी म्हनलो, साबन असन." ते लाल दोऱ्याच्या पेल्याकडं पाहत होते. "मॅडम, मले खरंच वाटत होतं साबन हाय. मी लय दिवसांपासून थेच सांगत आलो. सांगता सांगता मले दिसाले लागला होता थो साबन, बाटलीच्या बुडाशी."

काकू पहिल्यांदाच त्या खोलीत आल्या. दोन्ही पेल्यांकडं पाहिलं. त्यांचा आवाज चढला नाही.

"मी इतकी वर्सं पाचव्या शिलासाठी झुरली," त्या म्हणाल्या. "तुमचं चवथंच मोडलं होतं." चौथं शील खोटं न बोलण्याचं.

 मग काकूच म्हणाल्या, "जा. सांगून या त्याले. बाई, तुमी जा त्याईच्या संगं. एकटे जातीन तं जीपमदूनच वापस येतीन."

रविवारी आम्ही शेलूबाजारला गेलो. वाटेत काकांनी मला आणखी एक गोष्ट सांगितली, ती त्या दिवशी काकूंसमोर सांगता आली नव्हती. नोकरी गेल्यावर कादरभाईनं जीप स्टँडजवळ गोटी सोड्याचं दुकान टाकलं होतं. बाटल्यांचंच काम त्याला येत होतं. काका सुट्टीवर आले की त्या स्टँडवर जीपची वाट पाहत थांबत, आणि चहाच्या टपरीवर कारखान्याची गोष्ट रंगवून सांगत. "याच्या हातच्या बाटलीत साबन राह्यते, जपून पेजा," असं हसत म्हणत. लोकही हसत. पुढं पोरं दुकानासमोरून जाताना 'साबन सोडा' म्हणून ओरडायला लागली. एक-दोन उन्हाळ्यांत दुकान बसलं. कादरभाई कितीतरी वर्षं दुसऱ्याच्या वखारीत लाकडं मोजत होता. आता मुलानं पुन्हा त्याच जागी थंड पेयांचं दुकान काढलं होतं आणि म्हातारा तिथं बसत होता.

बसत नव्हता, काम करत होता. दुकानाच्या बाजूला घमेल्यात पाणी घेऊन लांब ब्रशनं सोड्याच्या बाटल्या घासत होता. पांढरी दाढी, उंच हाडं, मान वाकलेली. काका समोर जाऊन उभे राहिले. कादरभाईनं वर पाहिलं. ओळखलं. ब्रश थांबला नाही.

"काटा दहावर होता, कादर," काका म्हणाले.

"मले मालूम हाय."

काकांना वाटलं असावं की त्याला नीट ऐकू आलं नाही. "फिल्टरचा काटा. त्या रोजी. मी दोन लिवला होता."

"मालूम हाय नं." कादरभाईनं बाटली उलटी करून पाणी काढलं. "त्या रोजी पाइपले हात लावून पाह्यला होता मी. गार नोता. चौकशीत सांगतलं मी साह्यबाले. तू बाजूच्या खुर्चीवर बसून होता. तुले इचारलं, तू म्हनला, दोनवर होता. इसरला काय?"

काका विसरले होते. मी त्यांच्या चेहऱ्याकडं पाहत होते. त्यांना ते खरोखर आठवत नव्हतं, आणि मग माझ्या डोळ्यांदेखत आठवलं.

"माफ कर," ते म्हणाले.

"मले काहून सांगाले आला तू? मले तं पयल्या दिवसापासून मालूम हाय." कादरभाईनं ब्रशनं रस्त्यापलीकडं दाखवलं. तिथं जीपा उभ्या होत्या आणि टपरीचा धूर दिसत होता. "ज्याईले मालूम नाही त्याईले सांग. तिथं सांगत होता नं? तिथं जाऊन सांग."

काऊंटरवर कादरभाईचा मुलगा उभा होता, चाळिशीचा. त्यानं सगळं ऐकलं होतं. तो बापाकडं बघत होता, आणि बाप त्याच्याकडं बघत नव्हता. लहानपणी 'साबन सोडा' ऐकत शाळेत गेलेला तो मुलगा. "अब्बा," तो म्हणाला, आणि आतल्या बाजूला गेला.

काका रस्ता ओलांडून टपरीवर गेले आणि सांगायला लागले. मी लांब उभी होते. बाकावर तीन-चार ड्रायव्हर होते, पंचविशी-तिशीचे. त्यांनी ऐकून घेतलं. एकानं विचारलं, "कोनता साबन, बाबा? कोनती बियर?" दुसरा हसला. ज्यांनी ती जुनी गोष्ट ऐकली होती, ती माणसं आता तिथं नव्हती. काही मेली होती, काही पुण्याला मुलांकडं गेली होती.

त्यानंतर काकांनी मागची खोली रिकामी केली. जार काकूंनी डाळी भरायला घेतले. पण दर आठवड्याला, बाजाराच्या दिवशी, काका शेलूबाजारला जायचे. स्टँडवर नवीन माणूस दिसला की गाठायचे. सोयाबीन विकायला आलेला शेतकरी, पोहरादेवीच्या दर्शनाला निघालेल्या बाया, बदलून आलेला कंडक्टर. "इथं एक कादरभाई राह्यते. त्याच्या बाटलीत साबन नोता," अशी सुरुवात करायचे. लोकांना आधी कळायचं नाही, मग कंटाळा यायचा. ड्रायव्हर मंडळी मजेनं नव्या गिऱ्हाइकाला त्यांच्याकडं पाठवायची. ज्या दुकानाला कुणी वाईट म्हणत नव्हतं, त्याच्याबद्दल हा माणूस साबण नव्हता, साबण नव्हता म्हणत फिरतो, म्हणून चार लोक उलट शंका घ्यायला लागले. काकूंना ते कुणीतरी सांगितलं. त्यांनी मला, "तुमी थे पुस्तक कायले आनलं बाई?" असं एकदाच विचारलं.  

त्या वर्षी माझे तास बंद झाले आणि मी मंगरूळपीर सोडायचं ठरवलं. जायच्या आधीच्या बाजाराला काकू म्हणाल्या, त्यांना घेऊन या, सकाळी काही न खाता गेले आहेत. ऊन कडक होतं. काका स्टँडवर उघड्या डोक्यानं उभे होते, आवाज बसलेला, आणि एका माणसाचा दंड धरून त्याला सांगत होते. तो माणूस दंड सोडवून घेत होता. मी पोचायच्या आत रस्त्यापलीकडून कादरभाई आले. काठी टेकत, सावकाश. त्यांनी काकांचा हात त्या माणसाच्या दंडावरून काढला.

"बस कर आता. कोनाले याद नाही."

"तुले तं याद हाय," काका म्हणाले.

"हो. मले हाय."

  कादरभाईंनी "सोडून दे" म्हटलं नाही, "माफ केलं" म्हटलं नाही. त्यांनी स्वतःच्या खांद्यावरचा पंचा काढून काकांच्या डोक्यावर टाकला आणि त्यांना मंगरूळपीरच्या जीपमध्ये पुढच्या सीटवर बसवलं. मी मागं चढले.

"याईले घरापावतर सोडजो," ते ड्रायव्हरला म्हणाले.

ड्रायव्हर नवा पोरगा होता. त्यानं चावी फिरवता फिरवता विचारलं, "चाचा, हे कोन होय तुमचे?"

कादरभाईंनी जीपच्या दाराला हात लावून ते नीट लागलं आहे का पाहिलं. 

"एका जागी काम करत होतो," ते म्हणाले, आणि रस्ता ओलांडायला वळले.